दुसरं बिगुल वाजेपर्यंत

मु. जांभूळखेडा, पो. हसनाबाद
२४ नोव्हेंबर १९७१

सप्रेम जय भीम.

तुमचं कार्ड मिळालं. सुट्टी मंजूर झाली हे वाचताना चुलीवरचं कालवण खाली लागलं. मामांनी ते तसंच खाल्लं अन् एक शबुद बोलले न्हाईत, म्हंजी त्यांना बी आनंद झाल्ता. एरवी मीठ कमी पडलं तरी सासरेबुवा मला पलटणीतल्या लंगरची गोष्ट ऐकवल्याबिगर उठत न्हाईत. दहा डिसेंबरला नवीन जालन्याच्या टेशनावर उतरा, मामा बसनं तिथं येणारेत. मी येणार न्हाई. मला सातवा लागलाय अन् बसमधी बसलं की पोटातलं पोरगं कुस्ती खेळतं.

तुम्ही आल्यावर पहिलं काम पाण्याचं. औंदा पाऊस कसा झाला ते तुम्हाला ठावं हाये. आपल्या आळीतल्या आडात आता चिखल अन् बेडकं. आम्ही सगळ्या नदीतल्या झिऱ्यावर जाऊन राह्यलो. वाळू उकरायची, पाणी पाझरायची वाट बघायची, वाटीवाटीनं घागर भरायची अन् मंग ती घेऊन चढ चढायचा. अन् इकडं गावातली पायऱ्यांची बारव घरापासून हाकेवर, पाणी तुडुंब. पण आपलं ठरलेलं. वरच्या पायरीच्या बाहेर उभं राहा, घागर लांब ठेवा, कुणाला दया आली तर ती वरून ओतणार.

परवा मी सरपंचाच्या आईला, जयवंताबाईला सरळ म्हणलं, आजी, मी खाली उतरून माझं माझं भरून घेते, तुमच्या सुनंला कामून त्रास? तर त्या गोडच बोलल्या. म्हणल्या, "तू उतरशील गं, पण मंग बाकी गावानं कुठं जावं?" असं गोड बोलून माणूस दार लावून घेतं. त्यांचा सर्जेराव तर पंधरा ऑगस्टला झेंड्याखाली सगळे एक म्हून घसा बसवतो.

म्हून मी ठरवलंय. पोटातलं बाहेर येण्याआधी मी त्या बारवेच्या पायऱ्या उतरणार. अन् या खेपेला एकटी न्हाई, तुम्ही संगं असणार. वर्दी घालून या. विमानाच्या आगी विझवता, मंग घरची आग विझवायला कामून भिता ते मला बघायचंय. जल्दी या.

तुमची प्रभावती


मार्फत ५६ ए.पी.ओ.
४ डिसेंबर १९७१

प्रिय प्रभावतीस जय भीम.

काल संध्याकाळी आमच्या तळावर हल्ला झाला. मी धडधाकट आहे. हे वाक्य आधी माझ्या आप्पांना मोठ्यानं वाचून दाखव, मग पुढचं वाच.

मी कुठं आहे ते लिहायची मनाई आहे, तेव्हा ते सोडून सगळं लिहितो. दिवस मावळत होता. आमचा आगीचा बंब धावपट्टीच्या कडेला उभा होता आणि आम्ही त्याच्या टपावर बसून चहा पीत होतो. सूर्य गेला त्या बाजूनं विमानं आली. इतकी खाली की झाडांचे शेंडे हलले. माझ्या शेजारचा हरयाणाचा गडी म्हणाला, आपली परत आली. मलाही तसंच वाटलं. मी तर चहाचा मग उंचावला त्यांना बघून. अगं, लग्नाच्या वरातीला हात करावा तसा मी शत्रूला मग दाखवत होतो. आणि तेवढ्यात धावपट्टी वर उडाली.

खोटं कशाला सांगू, पहिल्या बॉम्बला मी टपावरून उडी मारून बंबाखाली शिरलो. दुसऱ्याच्या वेळी मी बंबावर होतो आणि बंब पळत होता. वाळलेल्या गवतानं पेट घेतला होता, त्याच्या पलीकडं तेलाच्या टाक्या. पाणी मारत राहिलो. आग गेली. टाक्या राहिल्या. मग हुकूम आला, खड्डे भरा, पहाटे आपली विमानं उडाली पाहिजेत. प्रभा, मी असलं काही बघितलं नव्हतं. साहेब लोक, स्वयंपाकी, न्हावी, कारकून, सगळे एका रांगेत खडीच्या पाट्या उचलत होते. कोण कुणाचा हे कुणी विचारलं नाही. उजाडायच्या आत आपली पहिली जोडी त्याच धावपट्टीवरून उडाली आणि आम्ही ओरडून ओरडून वेडे झालो. माझे डोळे भरले. धुळीनं भरले म्हण हवं तर.

आता उघड लढाई आहे. पंतप्रधान रेडिओवर बोलल्या ते तिथंही ऐकलं असेल. सुट्ट्या सगळ्यांच्या रद्द. तुझं तोंड डोळ्यांपुढं आलं, पण काय करणार.

तिकडं गाफील राहू नका. लपायला एखादी खोल आणि दगडी जागा ठरवून ठेवा, आप्पांना विचार, त्यांना कळतं. आणि बारवेवर एकटी भांडायला जाऊ नकोस. मी येईस्तोवर थांब.

तुझा संपत


जांभूळखेडा
१० डिसेंबर १९७१

सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मामांनी आधी उभ्यानं वाचलं, मंग बसून वाचलं, मंग आळी गोळा करून वाचलं. तुम्ही शत्रूला चहाचा मग दाखवला तिथं आले की थांबायचे अन् हसता हसता खोकायचे. मी मात्र 'सुट्ट्या रद्द' पाशी अडकले. रडले थोडी. आता झालं. आता गावाचं ऐका, कारण लढाई इकडं बी पेटली हाये.

चार तारखेला सकाळी सर्जेरावाच्या ओट्यावर रेडिओ लागला अन् सगळं गाव तिथं जाऊन बसलं ते आजपस्तोर उठलंच न्हाई. कंदिलांना काळे कागद लागले. सर्जेरावाचा मेव्हणा सांडू, त्यानं सायकलीच्या दिव्याला काळा रंग फासला. त्या सायकलीचा दिवा तीन वर्षं झाली लागत न्हाई, पण रंग फासला बराबर. सहा तारखेला आपल्याला घोर पडला. बाबासाहेबांचा दिवस, अन् मेणबत्त्या लावायच्या कशा? शेवटी विहाराच्या खिडक्यांना घोंगड्या लावल्या, दार लोटलं, अन् मावतील तेवढी माणसं आत बसली. बाकीची बाहेर अंधारात उभी राहिली. आतून वंदना आली की बाहेरून म्हणायची. दर साली एवढ्या मेणबत्त्या असतात, पण मला यंदाची एकच मेणबत्ती ध्यानात राहील.

आता मोठी गंमत. तहसीलीतून ग्रामसेवकाकडं हुकूम आला की गावोगावी लपायची जागा अन् इशारा ठरवा. चावडीवर सभा झाली. जागेचं लगेच ठरलं, बारव. चारी अंगानं दगड, कोनाडे असे की माणूस मांडी घालून बसंल. इशाऱ्याचं अडलं. देवळातली घंटा रोजच वाजते, तिला कोण भितं? मंग एकानं मामांचं नाव काढलं, अप्पारावला बोलवा, त्याचा बाप दवंडीची हलगी वाजवायचा.

मामा गेले ते पलटणीची टोपी घालून. मी बायांमधी मागं उभी होते. मामा म्हणले, हलगी आम्ही छप्पन साली धम्म घेतला तवाच खाली ठेवली, ती आता कुणी म्हणलं तरी उचलणार न्हाई. पण सागरच्या छावणीत, पलटणीत, मी बिगुल वाजवायचो. जालन्याच्या ब्यांडवाल्याकडून घेतलेलं बिगुल घरी हाये, ते वाजवीन. मात्र ते वाजलं की उभं गाव बारवेत, अन् आमची आळी बी बारवेत.

माणसं एकमेकांकडं बघायला लागली. मंग एकजण चाचरत म्हणला की तुमच्या आळीला ओढा जवळ पडतो, तुम्ही ओढ्यात बसा.

मामा म्हणले, "बरं. मंग बिगुल बी ओढ्यातूनच वाजवतो. ऐकू आलं तर पळा."

लोकं हसली. सर्जेरावाला हसू बी येईना अन् बोलता बी येईना, कारण ग्रामसेवक कागद घेऊन बसला होता. शेवटी हो म्हणला. त्याला वाटलं विमान काय इकडं येतंय. तर मामांनी पुढची गाठ मारली. म्हणले, पलटणीचा कायदा ऐका. पहिलं बिगुल म्हंजी खतरा आला. दुसरं बिगुल म्हंजी खतरा टळला. मधल्या वेळात जे ठरलंय त्यात कुणी काही बदलायचं न्हाई. दुसरं वाजेपर्यंत बारव सगळ्या गावाची. सर्जेराव सगळ्यांसमोर होय म्हणला.

खरं सांगू? आता मी रोज आभाळाकडं बघून राह्यले. चुकून एखादं विमान आपल्या गावावरून जावं, काही न टाकता. तुम्ही तिथं आगीत उभे असताना असं मनात आणणं बरं न्हाई. पण डोक्यावर घागर अन् पुढं नदीचा चढ असला की मनात येतंच. रागावू नका.

तुमची प्रभावती


मार्फत ५६ ए.पी.ओ.
१५ डिसेंबर १९७१

प्रिय प्रभावतीस जय भीम.

अक्षर वाकडं आलंय, कारण बंबाच्या टपावर कागद ठेवून लिहितोय. वाचून घे.

तुझं पत्र मी सगळ्यांना हिंदी करून सांगितलं. ओढ्यातून बिगुल वाजवीन म्हणणारा माझा बाप आहे हे सांगताना माझी छाती फुगली. हरयाणाचा गडी म्हणतो, तुझ्या बापाला इकडं बोलाव, त्याला साहेब करू.

इकडं आपली सरशी आहे. रोज बातमी येते आणि रोज आम्ही नाचतो. पूर्वेकडं तर आता थोडंच उरलंय म्हणतात. अधूनमधून त्यांची विमानं येतात, पण आता मी मग दाखवत नाही.

एक गोष्ट कानात सांगतो. तुमच्या गावावर त्यांचं विमान येणार नाही. इतक्या लांब यायला तेल पुरत नाही. तेव्हा ते बिगुल काही वाजायचं नाही आणि बारवेचं काय करायचं ते मी आल्यावर बघू. सर्जेराव पाटलाला हे सांगू नकोस, चार दिवस घाबरू दे त्याला. तू जड घागर उचलू नकोस.

तुझा संपत


जांभूळखेडा
२१ डिसेंबर १९७१

सप्रेम जय भीम.

तुम्ही लिहिता विमान येणार न्हाई. तुमचं पत्र पोचायच्या आधीच ते येऊन गेलं.

गेल्या मंगळवारी दुपारची गोष्ट. मामा लिंबाखाली दोर वळत बसले होते. हसनाबादकडून घरघर आली अन् मंग दिसलंच, चांदीसारखं चमकत, नाकासमोर चाललेलं. आपलं का त्यांचं, कुणाला ठावं? मामा या वयात असे पळाले की धोतर सावरायचं भान न्हाई. देवळापुढच्या दगडावर चढले अन् बिगुल फुंकलं.

पण घाईत काय झालं, खतऱ्याची धून राहिली बाजूला अन् त्यांच्या तोंडून लंगरची वाजली. भीमजयंतीला पंगत बसायच्या आधी ते वाजवतात ना, तीच. गावाला काय कळतं, गाव बारवेकडं पळालं. अन् आपल्या आळीतली सगळी पोरं हातात ताटल्या घेऊन पळाली. त्यांना वाटलं जेवण हाये.

बारवेच्या तोंडाशी मी पोचले तवा माणसं खाली रेटारेटी करून उतरत होती. अन् वरच्या पायरीवर जयवंताबाई एकट्या. गुडघ्यानं धरलेलं, खाली उतरवंना. लेक पुढं, सुना पुढं. मी म्हणलं, आजी, माझा हात धरा. त्यांनी माझ्या हाताकडं बघितलं, मंग आभाळाकडं बघितलं, अन् हात असा गच्च धरला की बांगडी फुटली. आम्ही दोघी उतरलो. ती पहिली पायरी, जिच्यासाठी मी इतके दिवस मनात भांडत होते, ती मी कवा उतरले ते मला कळलं बी न्हाई.

खाली पाण्याशी टेकलो. आजी नुसतं पाणी पाणी करीत होत्या. जवळ भांडं कुणाचं? आपल्या आळीतल्या वसंताची पोर ताटली घेऊन उभी होती. मी ती ताटली बुडवली अन् आजीच्या तोंडाला लावली. त्या सगळं प्यायल्या, अन् म्हणल्या आणखी दे. इतकं थंड पाणी हाये हो त्या बारवेचं. मी बी प्याले, पोट भरून प्याले.

विमान केव्हाच गेलं. पण वर जायचं कुणी नाव काढीना, कारण दुसरं बिगुल न्हाई. सर्जेराव खालून ओरडून ओरडून म्हणत होता, अप्पाराव, वाजवा की आता. मामा वर काठावर बिगुल काखेत धरून उभे. म्हणले, आधी आमच्या बायांना पाणी भरून घेऊ द्या. अन् बिलकुल वाजवलं न्हाई. थोड्या वेळानं लोकं एकेक करून आपली आपली वर आली, घरी गेली.

संध्याकाळी मी घागर घेऊन सरळ आत उतरले. गावातल्या एकीनं टोकलं. मी विचारलं, दुसरं बिगुल वाजलं का? ती म्हणली, न्हाई. मंग बारव सगळ्यांची. पुढच्या दिवशी आळीतल्या सगळ्या बाया आल्या. नदीच्या वाटंला कुणी गेलंच न्हाई. माझ्या डोक्यावर भरली घागर अन् पायाखाली सपाट वाट, मला गाणं म्हणावंसं वाटून राह्यलं होतं.

गुरुवारी रेडिओवर सांगितलं, तिकडं पूर्वेला त्यांच्या फौजेनं हत्यारं खाली ठेवली. काय सांगू तुम्हाला. सर्जेरावानं गूळ वाटला, आपल्या आळीत बी वाटला, हातावर दिला, वरून न्हाई टाकला. तुमचं नाव घेऊन लोकं ओरडली. मामांना खांद्यावर घेतलं अन् म्हणले, आता वाजवा दुसरं, खतरा टळला. मामांनी बिगुल तोंडाला लावलं, सगळ्या गावानं कान दिला, अन् मामांनी ते खाली घेतलं. म्हणले, धून आठवत न्हाई. सांडूनं बिगुल हिसकलं अन् स्वतः फुंकलं. गाल फुगले, डोळे बाहेर आले, आतून नुसती थुंकी आली. पोरं अजून त्याच्या मागं फुस्स फुस्स करीत फिरतात.

पण शनिवारी सकाळी जाऊन बघते तर बारवेच्या तोंडावर बाभळीचे काटे. गावच्या बायांसाठी कडेनं फट ठेवलीय, तिथं सांडू बसतो. सर्जेरावाचा निरोप असा की लढाई संपली, ठरलेलं बी संपलं. मी आज पुन्हा नदीवर जाऊन आले.

अन् तुमच्या अक्षराचं खरं सांगा. टपावर लिहिलेली पत्रं आधी बी आलीत, ती अशी नव्हती.

प्रभावती


मार्फत ५६ ए.पी.ओ.
२८ डिसेंबर १९७१

प्रिय प्रभावतीस जय भीम.

पकडलंस. तेरा तारखेला त्यांनी पुन्हा बॉम्ब टाकले, तापलेला लोखंडी दांडा बाजूला करताना उजव्या तळव्याची कातडी गेली. हात शाबूत आहे, बोटं हलतात. डाव्या हातानं लिहितो. तुझे जड दिवस आहेत, म्हणून सांगितलं नाही. वीस जानेवारीच्या आसपास सुट्टी मिळेल, हे नक्की.

ते विमान आपलंच असणार, औरंगाबादकडं जाणारं. ताटल्यांचं वाचून मी इस्पितळाच्या खाटेवर इतका हसलो की डॉक्टर धावत आले. पण काट्यांचं वाचून हसू गेलं. प्रभा, माझं ऐक. काटे आहेत तर राहू दे. आप्पांना सांग की ते बिगुल वाजवून टाका आणि वाद मिटवा. गाव मोठं आहे, आळी लहान आहे, तुझे दिवस भरत आलेत आणि मी तिथं नाही. मी आल्यावर तहसीलला अर्ज करू, रीतसर करू. तुला काही झालं तर मी त्या बारवेचं काय करू? तोवर थांब.

तुझा संपत


जांभूळखेडा
६ जानेवारी १९७२

सप्रेम जय भीम.

हात भाजला अन् मला टप दाखवता. या तुम्ही घरी, मंग बोलते. मामांना सांगितलं तर ते उठून विहारात गेले, बराच वेळ आले न्हाईत. आले तवा डोळे लाल होते, अन् म्हणले, पोरगं पलटणीच्या कामाचं निघालं. रोज खोबरेल लावा, अन् डाव्या हातानं पत्र लिहीत बसू नका. न्हाई, लिहा. पण थोडं लिहा.

आता तुमच्या 'थांब'चं. तुमची काळजी मला कळली, पण तुमचं म्हणणं मला पटलं न्हाई. त्या दिवशी तुमच्या धावपट्टीला खड्डे पडले तवा तुम्ही अर्ज करायला थांबले का?

मी आपल्या आळीतल्या बायांना घेऊन गेले. सोमवारी सकाळी, गाव पाण्याला येतं त्या टायमाला. भांडायला न्हाई. घागरी घेऊन काट्यांपुढं जमिनीवर बसलो. सांडू पळत जाऊन सर्जेरावाला घेऊन आला. मागून गाव आलं. सर्जेराव म्हणला, बायांनो उठा, लढाई संपलीय, आता पहिल्यासारखं. मी म्हणलं, तुम्ही चावडीवर लढाईचं न्हाई, बिगुलाचं कबूल केलं होतं. ते वाजलं का? तर तो लाल झाला. म्हणला, तुझ्या सासऱ्याच्या नाटकावर गाव चालायचं न्हाई, अन् सांडूला म्हणला, आणखी काटे आण. माझ्या पोटात बाळ असं फिरलं की मी घागरीला धरून बसले. मला भीती वाटली, तुम्हाला सांगते. तुमचं पत्र आठवलं. उठावं असं बी वाटलं.

तेवढ्यात जयवंताबाई आल्या, काठी टेकत टेकत. मला वाटलं त्या मलाच बोलणार. त्यांनी माझ्याकडं बघितलं बी न्हाई. काठी काट्यांत घातली अन् एक फांदी ओढायला लागल्या. सर्जेराव पुढं झाला, आई, हात लावू नको, लागंल.

आजी म्हणल्या, "मी हिच्या ताटलीतलं पाणी पेले, सर्जा. तुम्ही सगळे मला वर टाकून खाली पळाले, तवा हिनं पाजलं. काटे लावायचे तर मला बी बाहेर ठेव. मी बी आता हिच्यासंगं नदीला जाते."

अन् खरंच माझ्या घागरीला हात घातला. सर्जेराव आईकडं बघत राहिला, मंग गावाकडं बघितलं, अन् मंग वाकून त्यानं स्वतः ते काटे ओढून बाजूला टाकले. हाताला रक्त आलं त्याच्या. मी उठले, घागर घेतली अन् उतरले. मागून आपल्या सगळ्या बाया. आजी वरच बसून राहिल्या, गुडघे दुखतात म्हून, पण आम्ही जाईपस्तोर उठल्या न्हाईत.

संध्याकाळी सर्जेराव आपल्या दारात आला. आजपस्तोर कधी आल्ता का? मामांनी बाज टाकली, तो बसला. मी च्या केला, तो प्याला, हळूहळू प्याला, पण प्याला. मंग म्हणला, अप्पाराव, झालं ते झालं, कुणी तुमच्या बायांना अडवणार न्हाई. आता तेवढं दुसरं बिगुल वाजवा. गावोगावची लोकं मला विचारून राह्यलीत की तुमच्याकडली लढाई अजून संपली न्हाई का.

मामांनी बिगुल मांडीवर घेतलं. मंग म्हणले, "दुसरं बिगुल खतरा टळल्यावर वाजवायचं असतं, पाटील. आमची बाई बारवेत उतरती तवा अजून माना वर होतात. ज्या दिवशी एक बी मान वर होणार न्हाई, त्या दिवशी मला धून आठवंल."

सर्जेराव उठला. कपबशी खाली ठेवली, जय भीम म्हणला, तो बी पहिल्यांदाच, अन् गेला.

तर तुम्ही वीस तारखेला या, तवा ते वाजलेलं असंल का न्हाई ते मी सांगू शकत न्हाई. मामा रोज बिगुल घासून पुसून ठेवतात, अन् रोज मी पाणी घेऊन आले की विचारतात, आज कसं काय? आज सकाळी मी उतरले तर वर तिघीजणी उभ्या होत्या. तिघी बी बघायला लागल्या. मी घागर बुडवली, वर बघितलं, तर त्यातली एक मान खाली घालून आपली घागर घासायला लागली होती.

मी मामांना सांगितलं, अजून दोन माना राहिल्यात.

तुमची प्रभावती